सोळा वाटा

पंख्याच्या पात्याच्या टोकाशी कुंकवाचा एवढासा कण राहून गेला होता, आणि पंखा फिरायला लागला की त्या कणाचं एक बारीक लाल कडं व्हायचं – पूर्ण, गोल, कुठेही न तुटलेलं. पंखा थांबला की पुन्हा कणच. देविका मघापासून तेवढंच पाहत बसली होती. पाहायचं खरं तर पडद्यावर होतं. पडद्यावरच्या खेळात कीर्तना चालवत होती ती गाडी घाटातल्या वळणावर अडखळत, थांबत, मध्येच चार हात पुढे उडी मारत चालली होती, आणि कोपऱ्यातला आकडा बावीस, एकोणीस, चोवीस असा धापा टाकत होता. परवापर्यंत तिथे साठ असायचे. सेकंदाला साठ चित्रं, एकामागून एक, इतकी गुळगुळीत की गाडी चालवणाऱ्याला आपण चित्रं पाहतोय हे विसरायला व्हावं.

"अक्का, ते गेलं ना?" कीर्तनाने की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "जस्ट सांग. मला बॅड नाही वाटणार."

एकोणीस वर्षांची मुलगी, घरमालकांची एकुलती एक, आणि बॅड वाटणार नाही म्हणताना खालचा ओठ दाताखाली. देविकाने बाजूची पत्रा काढलेली कॅबिनेट पाहिली, आत आडवं बसलेलं ते काळं, दोन पंख्यांचं, सहा वर्षांचं जुनं, पडद्यावर चित्रं आणणारं ग्राफिक्स कार्ड पाहिलं, आणि म्हणाली,

"बहुतेक. माझंच चुकलं गं."

किती पटकन आलं ते तोंडातून! जणू दाराशीच उभं होतं, कडी काढायचा अवकाश. गेल्या चौदा महिन्यांत हे वाक्य तिला इतकं सवयीचं झालं होतं की भाजीत मीठ कमी पडलं, बस चुकली, कुणाचा फोन लागला नाही, तरी आधी तेच बाहेर पडायचं – माझंच चुकलं. दाराचं कुलूप लावून ती जिना उतरायची आणि सहाव्या पायरीवरून परत वर जाऊन कुलूप ओढून पाहायची. गॅसचं बटण तीनदा. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं, आपल्या हाताने बंद केलेलं, तरी तीनदा.

आणि हे कार्ड... हे कार्ड म्हणजे त्या चौदा महिन्यांतला तिचा एकमेव ठाम शब्द होता.

जुलैतली गोष्ट. कीर्तनाने शिकवण्या घेऊन थोडे पैसे साठवले होते, आणि तिचा मावसभाऊ कार्तिकेय – आयटीतला, हुशार, बोलायला फटाफट – म्हणत होता की नवंच घे, अगदी खालच्या दर्जाचं असलं तरी नवं, वॉरंटीवालं. देविकाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ती वरच्या खोलीत राहणारी भाडेकरू, मिरजेची, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला, पाणी तापलं का विचारायला खाली आलेली. पण कागदावरचे आकडे तिने पाहिले आणि न राहवून म्हणाली – म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं, मीच म्हणाले, हा माझाच आवाज होता – की आजचं सगळ्यात स्वस्त नवं कार्ड घेण्यापेक्षा सहा वर्षांपूर्वीचं मधल्या दर्जाचं घे. त्याची मेमरी जास्त आहे, काम ओढायची ताकद जास्त आहे, वीज थोडी खाईल, नव्या खेळांत दोन-चार सजावटी बंद कराव्या लागतील, पण धावेल. फक्त ते निरोगी हवं.

"निरोगी कसं कळणार?" कार्तिकेयने विचारलं होतं.

"कळतं," ती म्हणाली होती.

रिची स्ट्रीटला, जुन्या कॉम्प्युटर-सामानाच्या बाजारात, रंगा नावाच्या दुकानदाराच्या चिंचोळ्या दुकानात तिने ते कार्ड हातात घेतलं तेव्हा रंगाला वाटलं, बाई आता किंमत विचारणार. बाईने आधी स्क्रूच्या खाचा पाहिल्या – कुणी उघडून पुन्हा आवळलंय का. मग ते नाकाशी नेलं. जळका वास, करपलेल्या वार्निशचा वास, समुद्राजवळ राहिलेल्या वस्तूंना येतो तो खारट, गंजका वास... काही नाही, नुसती धूळ. मग ते दुकानातल्या मशीनवर लावायला सांगून चाळीस मिनिटं चालवत ठेवलं, डोळे मिटून पंख्यांचा आवाज ऐकला, पाठीला तळहात लावून ऊब पाहिली. रंगाचे दोन चहा झाले. दुसऱ्या चहाला तो तमिळमध्ये म्हणाला की मुलगी बघायला आलेलेसुद्धा एवढं बघत नाहीत. आणि मग देविका कीर्तनाकडे वळून एकच शब्द बोलली – "घे." तो शब्द बोलताना पाठीचा कणा कसा आपोआप सरळ झाला होता, ते तिला अजून आठवत होतं.

तीन महिने कार्ड घोड्यासारखं पळालं. आणि आज, विजयादशमीच्या सकाळी, पूजेतून उचलून परत बसवल्यावर, हे असं.

सकाळी कार्तिकेयचा फोन आला तेव्हा कीर्तनाने स्पीकरवर लावला होता. "मायनिंगचं असणार," तो म्हणाला. "दिवसरात्र क्रिप्टोची कॉइन बनवायला जुंपतात, पार पिळून काढतात, आणि पुसूनबिसून विकतात. अशी कार्डं दोन-तीन महिने चालतात, मग अशीच जातात. देविकाला काय माहीत असणार, पावम. मी चारला येतो, ते घेऊन जातो. संध्याकाळच्या सेलमध्ये नवं ऑर्डर करून टाकू."

'पावम' म्हणजे तमिळमधलं 'बिचारी'. शब्दात विष नव्हतं, आणि म्हणूनच तो जास्त लागला.

फोन ठेवल्यावर देविकाने स्वतःचा फोन पाहिला. श्रीरंजनीचा निरोप तिथेच होता, काल दुपारपासून, उत्तराची वाट पाहत. श्रीरंजनी म्हणजे कारखान्यातली नवी क्वालिटी हेड, जेमतेम दोन महिने झालेली. 'जुन्या फाइली वाचल्या. तू परत टेस्टिंगला येशील का? लाइनवर, कागदांवर नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सांग, परवा यादी जाईल.' किती साधा प्रश्न! आणि कालपासून देविका त्याच्या भोवती फिरत होती. मनात तिने एक गुपचूप पैज लावून टाकली होती, कुणाला न सांगता, जरा लाजतच: कार्ड चांगलं निघालं तर हो म्हणायचं. नाही तर कागदांवरच बरी. कागद कुणाला 'घे' म्हणायला लावत नाहीत.

कारण त्या फाइलींत ती मोटर होती. गाडीच्या खिडकीची काच वरखाली करणारी, मुठीएवढी. चौदा महिन्यांपूर्वी एका खेपेतल्या मोटरी ती तपासत होती आणि तिला आवाज आला. म्हणजे मोटर जे म्हणते ते म्हणत होतीच, पण त्याच्या खाली, तिसऱ्या ठोक्याला, काहीतरी ओलसर... शब्द नव्हता त्याला. दुसरी घेतली, तिच्यातही. पाचवीतही. तिने खेप अडवली. दीड पाळी लाइन उभी राहिली. सगळी यंत्रं लावली, कंप मोजले, करंट मोजला, सगळं मापात. आणि मंदारसर – तेव्हाचे क्वालिटी हेड, पुण्याचे, सभ्य, कधी आवाज न चढवणारे – सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "देविका, कानाचा रिपोर्ट जोडता येत नाही." लोक हसले. लोक हसले याचं काही नाही. पण खेप पुढे गेली, देविका कागदांच्या टेबलावर गेली, आणि पुढे त्या मोटरींचं काय झालं हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. हळूहळू तिने स्वतःलाच पटवलं की आवाज नव्हताच. दमले होते मी. सलग तिसरी पाळी होती. डोकं भणभणत होतं.

वडिलांना तिने हे कधी सांगितलं नाही. ते मिरजेत तंबोऱ्यांची जवारी काढायचे – घोडीवर तार टेकते ती जागा कानशीने घासून घासून स्वराला गोलाई आणायची, एका बाजूला फुंकर मारल्याएवढी भुकटी निघते आणि दुसऱ्या बाजूला तंबोरा एकदम बोलायला लागतो. लहानपणी ती दुकानात त्यांच्या शेजारी बसायची. ते तार छेडायचे आणि विचारायचे, "काय ऐकलंस?" ती म्हणायची, "थोडं नाकातलं येतंय, पण मला वाटतं मी चुकीचं..." "वाटतं कशाला?" ते म्हणायचे. "ऐकलंस ना? मग ऐकलंस." आणि कानस पुन्हा घोडीवर.

"ये गे देविका, सुंडल घे!" आतून अलमेलूमामी आल्या, हातात वाटी. कीर्तनाची आई, कपाळावर मोठं कुंकू, केसांत कालचाच कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, गजरा. "सकाळपासून त्या डब्यापुढें बसलींत दोघी. पोटांत काय आहे कीं नाहीं?"

"मामी, कार्ड बिघडलंय," देविका म्हणाली.

"अय्यो. काल तर मीच हातानें त्याला ठेवलें पूजेंत."

पलीकडे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेला बाहुल्यांचा कोलू अजून तसाच होता, आणि त्याच्या पायथ्याशी काल आयुधपूजेला मांडलेला पाट. अप्पाजींच्या घरात ही पूजा कडक. कीर्तनाचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले, तंजावरी मराठी घराण्याचा अभिमान बाळगणारे. देविकाच्या मराठीला 'घाईची मराठी' म्हणणारे. "असकीं आयुधें ठेवायचीं, एकही सोडायचें नाहीं," असा त्यांचा हुकूम. मग विळी, कात्री, शिवणयंत्राची चकती, अप्पाजींची पेनं, कीर्तनाची पुस्तकं, दारातली स्कूटर – सगळ्यांना चंदनाचा ठिपका, त्यावर कुंकू. देविकाच्या घरी याला खंडेनवमी म्हणत. वडील सगळ्या कानशी ओळीने मांडायचे. कीर्तनाने यंदा हौसेने कार्डही बाहेर काढलं होतं, ब्रशने झाडलं होतं, आणि पाटावर पुस्तकांशेजारी ठेवलं होतं. आज सकाळी फडक्याने कुंकू पुसून परत बसवलं, आणि...

देविकाने सुंडलचा एक घास घेतला. खोबरं, मोहरी, चणे. आणि घास तोंडात असतानाच तिचा डावा हात, कुणी सांगितलं नसताना, आत गेला आणि कार्डाच्या पाठीला लागला.

पाठ गार होती.

गार म्हणजे थंडगार नव्हे. कोमट, नुकत्याच उठलेल्या माणसासारखी. तिने घास गिळला. पडद्यावर गाडी अजून अडखळत होती. अर्धा तास झाला होता खेळ चालू होऊन. रंगाच्या दुकानात चाळीस मिनिटांनी हीच पाठ अशी तापली होती की तळहात ठेवून दहा मोजणं अवघड होतं. मरायला टेकलेली वस्तू तापते. धापा टाकते, पंखे किंचाळतात, पडद्यावर रंगांचे चुकार तुकडे दिसायला लागतात. इथे पंखे तर अगदी निवांत, मध्येच थांबतात, कुंकवाचा कण दिसतो, परत फिरतात. हे आजारी नाही... हे तर रिकामं बसलंय. याच्या पानात कुणी वाढतच नाहीये.

"कीर्तना, खेळ बंद करू नकोस. ती माहिती दाखवणारी खिडकी उघड. त्यात एक ओळ असते, कार्ड किती वाटांनी जोडलंय ती."

"वाटा?"

"कार्ड आणि बाकीचं मशीन यांच्यामध्ये सोळा वाटा असतात. टोलनाक्यावर असतात ना, तशा. सगळं सामान त्यातून ये-जा करतं."

कीर्तनाने खिडकी उघडली, बोट पडद्यावर सरकवत नेलं, आणि थांबली. "अक्का, इथे एक दाखवतंय."

"सोळा असेल, नीट बघ."

"एक. सोळापैकी एक."

देविकाने वाकून पाहिलं. एक. सोळा रांगांचा नाका आणि पंधरा रांगांना दांडे आडवे. पलीकडे धडधाकट गडी हात चोळत बसलेत आणि अलीकडे सामानाचे ट्रक एका रांगेत, हॉर्न वाजवत. तिच्या छातीत काहीतरी हललं, पण तिने ते दाबलं. इतक्यात नको. आधीही असंच हललं होतं – मोटरीच्या वेळी – आणि मग दीड पाळी लाइन उभी राहिली होती.

मशीन बंद केलं, वायर काढली, कार्ड उपसून पुन्हा बसवलं, खटका लागल्याचा आवाज ऐकला. चालू केलं. एक. खाच ब्रशने झाडली, पुन्हा बसवलं. एक. कार्ड बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरलं. खाली जिथे ते मशीनमध्ये रुततं ती सोनेरी पट्ट्यांची किनार, ओळीने बारीक बारीक, मध्ये एक लहानशी खाच. स्वच्छ. चकचकीत. कुठे डाग नाही, ओरखडा नाही. दोन वाजून गेले होते. मग कार्डाच्या आतच काही तुटलं असेल, असं होतं जुन्या मालाचं, कार्तिकेयचं म्हणणं... माझंच...

आणि तेव्हा तिने ते नाकाशी नेलं. रंगाच्या दुकानात नेलं होतं तसंच. कारखान्यातही ती वास घ्यायची. मंदारसरांनंतर तिने तेही सोडलं होतं, चारचौघांत तर मुळीच नाही. पण इथे कीर्तना होती फक्त, आणि कीर्तनाला त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही.

चंदन.

ते साहजिकच होतं. सगळं घर चंदनाने भरलेलं. कालची सहाण अजून देव्हाऱ्याशी तशीच, मामींच्या पदरालाही तोच वास, कोलूच्या बाहुल्यांनाही. या वासाचा पुरावा कसा मानायचा? अशा घरात तर आपल्या कोपरालाही चंदनाचाच वास येईल. तिने कोपर हुंगून पाहिला. येत होता. कीर्तना हसली. देविकालाही हसू आलं, आणि हसता हसताच तिला सुचलं की मग याला घरात कशाला हुंगायचं?

ती कार्ड घेऊन जिना चढली.  गच्चीवर समुद्राकडचं वारं सुटलं होतं, दुपारचं, खारं, दोरीवरची धोतरं फडफडवणारं. पलीकडे मैलापूरचं गोपुर, खाली कुणाच्या तरी स्कूटरच्या चाकाखाली चिरडलेली लिंबं, रस्त्यावर दृष्ट काढून फोडलेल्या, कुंकू भरलेल्या कोहळ्याचा लाल चिखल. ती वाऱ्याला तोंड करून उभी राहिली. आधी स्वतःचे हात साबणाने धुतले, टाकीच्या नळाखाली, मग पुसले, मग वाऱ्यात वाळवले. नाकातलं घर निघून जाईपर्यंत थांबली. मग कार्ड उचललं. पंखे – धूळ, प्लॅस्टिक. पाठ – धातू, किंचित कुंकू. वरची कड – काही नाही. खालची सोनेरी किनार...

तिने डोळे मिटले. किनारीच्या या टोकाला काही नाही. त्या टोकाला काही नाही. मध्ये, खाचेच्या लगेच शेजारी – चंदन. स्पष्ट. वारं असूनसुद्धा. ती नाक मागे नेई, पुढे आणी, आणि दर वेळी तिथेच, त्याच बोटभर जागेत. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, कारण दिसणार कसं? सोन्यावर चंदन! पिवळ्यावर पिवळं!

ती जिना उतरली ती धावतच, आणि सहाव्या पायरीवर पहिल्यांदाच अडखळली नाही.

"मामी, काल कार्डाला ठिपका कुठे लावलात?"

अलमेलूमामी कोथिंबीर निवडत होत्या. "कुठें म्हणजे? दोन लावले. एक त्याच्या चक्राला. आणि एक तोंडाला."

"तोंड कुठलं?"

मामींनी हात पदराला पुसले, कार्ड मांडीवर घेतलं, आणि काळ्या, पंख्यांच्या, नळ्यांच्या त्या बोजड वस्तूवरून बोट फिरवत सरळ सोनेरी किनारीवर आणलं. "हें काय. बाकी असकें काळें, आणि हेंच एक जरीसारखें. साडीचा पदर कुठला तें काय विचारावें लागतें? मला वाटलें हेंच तोंड. इथें मध्यें खाच आहे, तिच्याजवळ, कपाळ समजून..." बोट थांबलं. त्यांनी देविकाकडे पाहिलं. "अय्यो. मी मारलें कीं काय तें?"

"नाही मामी. जिवंत आहे." आणि हे म्हणताना तिने 'बहुतेक' म्हटलं नाही, 'मला वाटतं' म्हटलं नाही. आकडा अजून पाहिलेला नव्हता, मशीन चालूसुद्धा केलेलं नव्हतं. अप्पाजींच्या पेनांच्या डब्यातून तिने खोडरबर मागून घेतला, पाटावर मांडी घालून बसली, आणि खाचेच्या शेजारी, हलक्या हाताने, एकाच दिशेने घासायला लागली – कानस चालवावी तसं, जोर न लावता, थांबून, पाहून. पांढऱ्या रबराच्या भुकटीत पिवळी भुकटी उतरायला लागली. एवढीशीच. फुंकर मारल्याएवढी.

अप्पाजी चष्मा कपाळावर चढवून शेजारी येऊन उभे राहिले होते. "काय करतेस?"

"कपाळ पुसतेय त्याचं."

"पुसूं नये गे. पूजेचें आहे."

"अप्पाजी, तुमच्या पूजेने पंधरा दरवाजे बंद केलेत. एक तरी उघडा राहिला ही देवाची कृपा."

ते यावर काहीतरी बोलणार होते, पण कीर्तनाने कार्ड हिसकावल्यासारखं घेतलं, खाचेत बसवलं, खटका वाजला, वायर, बटण. पंखे एकदा जोराने फिरून शांत झाले. कीर्तनाने ती माहितीची खिडकी उघडली. मामींच्या हातात कोथिंबिरीची जुडी तशीच.

सोळा.

कीर्तना किंचाळली. मग खेळ, घाट, तेच वळण – आणि गाडी त्या वळणावरून अशी सरकली की दरीतलं पाणी, कड्यावरचं गवत, आरशात मागे पडत चाललेला रस्ता, सगळं एका लयीत. एकसष्ट. साठ. एकसष्ट. देविकाने आकडा पाहिला, पण आधी तिने डोळे मिटून पंखे ऐकले. ते आता काम करत होते, खालच्या स्वरात, भरल्या पोटाने. पाठीला हात लावला. ऊब चढत होती. ये बाबा, ताप आता.

चारला कार्तिकेय आला तेव्हा पाठीवर तळहात ठेवून दहा मोजणं अवघड झालं होतं. तो सॅक खांद्यावर तशीच ठेवून पडद्याकडे पाहत राहिला. "हे तेच कार्ड?"

"तेच," कीर्तना म्हणाली. "अण्णा, हात लाव."

त्याने हात लावला, काढला, आकडा पाहिला, सोळाची ओळ पाहिली. आयटीतला माणूस, त्याला ओळ दिसली की पुरे. "लेन डाउन झाल्या होत्या? मला सुचलंच नाही ते. काय केलंस, देविका?"

"वास घेतला."

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचा थांबला. "सीरियसली?"

"कार्ड गार लागलं. मग आकडा पाहिला. आकड्याने अडलंय एवढं सांगितलं, कशाने ते नाही सांगितलं. ते नाकाने सांगितलं. गच्चीवर नेऊन हुंगलं, घराचा वास वगळून." ती सांगत होती आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, सरळ, न चाचरणारा. "हवं तर रिपोर्ट लिहून देते."

"दे ना," कार्तिकेय म्हणाला, आणि खाली बसून गाडी चालवायला घेतली. "सकाळी मी जास्त बोललो. सॉरी हं."

"पुढल्या वर्षीं मी कुठें लावूं मग?" मामींनी दारातून विचारलं. अजून त्यांच्या चेहऱ्यावर अपराध्याची छटा होती.

"पाठीला लावा मामी. हवा तेवढा मोठा."

"पाठीला कोण गंध लावतें?" अप्पाजी आतून म्हणाले, पण त्या आवाजात हुकूम नव्हता, विचार चाललेला होता.

देविका कॉफीचा पेला घेऊन पुन्हा गच्चीवर आली. वारं तसंच होतं. धोतरं वाळली होती. रबराची पिवळसर भुकटी अजून तिच्या नखाखाली होती. तिने बोट नाकाशी नेलं, आणि कुणी पाहत असतं तरी नेलं असतं. खाली घाटातल्या वळणावर कार्तिकेय बहुधा दरीत पडला होता, कारण कीर्तनाचं हसणं वरपर्यंत येत होतं. काय आनंद झाला होता तिला! एवढ्याशा पिवळ्या चिमटीचा एवढा आनंद! छाती भरून, कुणाला सांगावं असा, एकटीने गच्चीवर उड्या माराव्या असा.

तिने फोन काढला. श्रीरंजनीचा निरोप उघडला. पैज ती जिंकली होती. आता नुसतं 'हो' टाइप करायचं. बोट अक्षरांवर गेलं आणि तिथेच राहिलं. भीतीने नव्हे. तिला एकाएकी जाणवलं की पैज चुकीच्याच गोष्टीवर लावली होती. सकाळी कार्ड खरंच मेलेलं निघालं असतं तर? आतून तुटलेलं, कुणाच्याच हातात नसलेलं? तरी जुलैत रंगाच्या दुकानात जे पंखे तिने ऐकले होते ते निरोगीच होते. जी पाठ तापली होती ती नीटच तापली होती. त्या दिवशीचा 'घे' त्या दिवशी खराच होता.

मग तिने पेला कठड्यावर ठेवला, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा, पळ न काढता, ती मोटर हातात घेतली. मनातच. मुठीएवढी, तेलाच्या वासाची. बटण दाबलं. मोटर फिरली. मंदारसर हसत होते, लोक हसत होते, यंत्रांचे सगळे काटे मापात होते, आणि त्या सगळ्याच्या खालून – एक, दोन, आणि तिसऱ्या ठोक्याला... तिने दुसरी घेतली. पाचवी घेतली. त्या खिडक्या पुढे कुणाच्या गाड्यांत गेल्या, अडकल्या की नाही अडकल्या, उन्हापावसात आज वरखाली होतायत की नाही, ते तिला माहीत नव्हतं. कधी कळणारही नव्हतं.

पण आवाज होता.

दमले नव्हते मी. डोकं भणभणत नव्हतं. आवाज होता, ओलसर, तिसऱ्या ठोक्याला, आणि मी तो ऐकला होता.

खालून मामी कॉफीचा पेला परत मागत होत्या. "आले, आले," देविका ओरडली, आणि तरीही जरा वेळ वाऱ्यात तशीच उभी राहिली, ऐकत.